दिवाळी किती दिवसांची?

दिवाळी किती दिवसांची, असें विचारलें तर कोणी चार म्हणेल, कोणी पांच, कोणी वसुबारस धरून सहा. तिघेहि आपापल्या परीनें बरोबरच असतात. पण या उत्तरावर ज्याची रजा अवलंबून आहे, त्याचें एवढ्यानें भागत नाहीं.

परभणी जिल्ह्यांतील पूर्णा जंक्शनचें उदाहरण घेऊं. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गाला येथें अकोल्याचा फांटा फुटतो. तेथील एका रेल्वे-नोकराची बहीण अकोल्यास दिली आहे, अशी कल्पना करा. पाडव्याला पत्नीनें ओवाळायचें आणि भाऊबीजेला बहिणीनें. एरवीं मध्यें एक रात्र असते आणि गाडी गांठतां येते. पण सन २०२२ मध्यें पाडवा आणि भाऊबीज दोन्ही २६ ऑक्टोबरलाच आलीं. ओवाळणीचीं दोन ताटें, दोन गांवीं, एकाच दिवशीं! अशा वेळीं दोष पंचांगकर्त्याला दिला जातो. पण तो बिचारा निर्दोष असतो.

खरी गोष्ट अशी कीं, तिथि म्हणजे दिवस नव्हे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढें सरकला कीं एक तिथि पुरी होते. चंद्राची गति कधीं मंद, कधीं शीघ्र. म्हणून तिथि सुमारें वीस तासांपासून सत्तावीस तासांपर्यंत कितीहि असूं शकते. ती मध्यरात्रीं लागेल, नाहीं तर भर दुपारीं.

शिवाय प्रत्येक सणाची वेळ निराळी. नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नान पहाटेचें, लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळचें, भाऊबीज दुपारनंतरची. त्या त्या वेळीं ती तिथि असली पाहिजे. आतां २०२२ चा हिशेब पाहा. २४ ऑक्टोबरच्या पहाटे चतुर्दशी होती आणि सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास अमावास्या लागली. म्हणून स्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशीं झालें. दुसऱ्या दिवशीं सूर्यास्तापूर्वींच अमावास्या संपली. त्या सायंकाळीं सूर्यग्रहण होतें, सण नव्हता. २६ ला सूर्योदयीं प्रतिपदा होती, म्हणून पाडवा. आणि दुपारीं तीनच्या आधींच द्वितीया लागली, म्हणून भाऊबीजहि तीच. वसुबारसेपासून मोजल्यास ती दिवाळी २१ ते २६ ऑक्टोबर, सहा दिवसांत आटोपली. २०२४ मध्यें मात्र २८ ऑक्टोबरच्या वसुबारसेपासून ३ नोव्हेंबरच्या भाऊबीजेपर्यंत सात दिवस लागले.

चिनी लोकांचें नववर्षहि चांद्रमासाचेंच. परंतु त्यांना ही अडचण पडत नाहीं. अमावास्या ज्या दिवशीं घडते तो महिन्याचा पहिला दिवस. तेथून दिवस सरळ एक, दोन, तीन असे मोजावयाचे. त्यांत क्षय नाहीं कीं वृद्धि नाहीं. पंधराव्या दिवशीं कंदिलांचा उत्सव झाला कीं सण संपला. सरकारी सुटी याहून कमी असते, पण सण दर वर्षीं बरोबर पंधरा दिवसांचा. याची किंमत मात्र चंद्राला द्यावी लागते. २०२३ मध्यें हा उत्सव २२ जानेवारी ते ५ फेब्रुवारी असा झाला. पण चंद्र पूर्ण झाला तो चिनी घड्याळाप्रमाणें ६ तारखेला, मध्यरात्रीनंतर. कंदील विझल्यावर पौर्णिमा!

म्हणजे चिन्यांनीं दिवस सांभाळले आणि चंद्राला थोडें मागें-पुढें होऊं दिलें. आपण चंद्र सांभाळला आणि दिवसांना मागें-पुढें होऊं दिलें. दोन्ही रीती सुसंगत आहेत. आपल्या रीतींत सण मोजावयाचे, दिवस नव्हेत, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे झालें.

तेव्हां रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वीं पंचांग उघडावें, आणि पाडवा व भाऊबीज यांच्यामध्यें रात्र आहे कीं नाहीं, तें आधीं पाहावें. नसेल तर अकोल्याच्या बहिणीला वेळींच निरोप धाडून पूर्णेसच बोलवावें. ताटें दोन असलीं तरी उंबरठा एक असला म्हणजे चंद्राच्या गतीची कोणाला तक्रार उरत नाहीं.