माध्यमिक शालान्त परीक्षेसाठी भूगोलाची उजळणी : स्मरण, नकाशा आणि कार्यकारणभाव

सारांश

माध्यमिक शालान्त परीक्षेच्या तयारीत भूगोलाची उजळणी म्हणजे तयार उत्तरांचे पुनर्वाचन, असा समज दृढ झालेला आहे. भूगोलातील माहिती स्थान आणि कारण या दोन सूत्रांनी बांधलेली असते. त्यामुळे या विषयाची उजळणी पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर आणि नकाशाच्या साहाय्याने करणे अधिक फलदायी ठरते. या उजळणीचे स्वरूप व तिच्या प्रत्यक्ष पद्धती प्रस्तुत लेखात उदाहरणांसह स्पष्ट केल्या आहेत.

बीजशब्द : उजळणी, स्मरण, नकाशा, कार्यकारणभाव, आलेख, भूगोल अध्यापन.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील इयत्ता दहावीच्या परीक्षेत भूगोलाची लेखी परीक्षा ४० गुणांची असते. गणित, विज्ञान व इंग्रजी या विषयांना मिळणारा वेळ या विषयाला क्वचितच मिळतो. भूगोल 'शेवटच्या दोन दिवसांत वाचून काढता येतो' अशी विद्यार्थ्यांची आणि पुष्कळदा पालकांचीही धारणा असते. परिणामी विद्यार्थी प्रश्नोत्तरे वाचून काढतो, परंतु नकाशात स्थाने दाखविण्याचा प्रश्न समोर येताच अडखळतो. आणि भौगोलिक कारणे लिहिताना पाठ केलेले वाक्य आठवले नाही तर त्याच्याजवळ दुसरा आधार राहत नाही.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. दहावीनंतर भूगोल हा विषय सर्वांसाठी अनिवार्य राहत नाही. त्यामुळे असंख्य विद्यार्थ्यांसाठी दहावीची उजळणी ही भूगोलाची अखेरची शिस्तबद्ध भेट असते. ज्या विद्यार्थ्याला खासगी शिकवणी परवडत नाही, त्याच्या दृष्टीने तर उजळणीची पद्धत हेच सर्वांत महत्त्वाचे साधन होय.

पुनर्वाचन आणि स्मरण यांतील भेद

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दाखवून दिले की, शिकलेल्या बाबींचे विस्मरण आरंभी वेगाने आणि नंतर मंद गतीने होते. पुढे २००६ मध्ये हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग उजळणीच्या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. काही उतारे विद्यार्थ्यांनी दोनदा वाचले, तर काही उतारे एकदा वाचून नंतर ते न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन सरस ठरले. मात्र एका आठवड्यानंतर चित्र पालटले : पुनर्वाचन केलेल्या उताऱ्यांचा सुमारे ४२ टक्के भाग विद्यार्थ्यांना आठवला, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्यांचा सुमारे ५६ टक्के.

पुनर्वाचनामुळे मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि 'आपल्याला येते' असा आभास निर्माण होतो. परीक्षेत मात्र मजकूर समोर नसतो. म्हणून उजळणीतही तो समोर नसणे आवश्यक आहे. आठवताना झालेला प्रयत्न, अगदी अर्धवट राहिलेला प्रयत्नसुद्धा, पडताळणीची जोड मिळाल्यास ज्ञान पक्के करतो.

भूगोलाच्या उजळणीच्या पद्धती

१) स्मरण-नकाशा

इयत्ता दहावीसाठी २०१८ मध्ये लागू झालेल्या पाठ्यपुस्तकात भारत व ब्राझील या दोन देशांचा तुलनात्मक अभ्यास आहे. त्यातील ब्राझीलचेच उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याने पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर ब्राझीलची ढोबळ बाह्यरेषा काढावी. आकार हुबेहूब साधणे येथे अपेक्षित नाही. त्यानंतर उत्तर भागातून जाणारे विषुववृत्त व दक्षिण भागातून जाणारे मकरवृत्त आखावे. ॲमेझॉन नदीचा पश्चिमेकडून पूर्वेकडील प्रवाह, ब्राझील उच्चभूमी, अटलांटिक किनारा आणि शेवटी ब्राझिलिया, साओ पाउलो, रिओ दी जानेरो व मनौस ही नगरे दाखवावीत. मग नकाशासंग्रह उघडून चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त कराव्यात. हाच नकाशा तीन दिवसांनी पुन्हा स्मरणाने काढावा. लाल खुणा कमी झाल्या की नाही, हे विद्यार्थ्यास स्वतःच पाहता येते.

भारताच्या नकाशातही प्रथम कर्कवृत्त आखण्याची सवय लावावी. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा व मिझोरम ही आठ राज्ये त्या रेषेवर क्रमाने बसविली की ती पाठ करण्याची स्वतंत्र गरज उरत नाही. परीक्षेत नकाशा पूर्ण करताना योग्य चिन्हे व सूची देणे आवश्यक असल्याने सरावातही सूची वगळू नये.

२) पाठ करण्याऐवजी उलगडणे

भूगोलातील अनेक आकडे स्मरणावर सोपविण्याऐवजी उलगडून काढता येतात. पृथ्वी २४ तासांत ३६० अंशांतून फिरते. म्हणजे एका अंशासाठी ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरून ठरते. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे, अर्थात ग्रीनिच वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे. ब्राझीलची अधिकृत वेळ ग्रीनिचच्या ३ तास मागे आहे. दोहोंतील फरक ८ तास ३० मिनिटांचा होतो. म्हणून भारतात दुपारचे १२ वाजले असता ब्राझिलियात पहाटेचे ३ वाजून ३० मिनिटे झालेली असतात. ही मांडणी ज्याने दोनदा स्वतः केली, त्याला फरक विसरला तरी तो पुन्हा काढता येतो.

३) कारणांची साखळी

'भौगोलिक कारणे लिहा' या प्रश्नाची उजळणी वाक्य पाठ करून न करता कारणांच्या साखळीने करावी. 'सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस कमी का?' या प्रश्नाची साखळी अशी होईल : अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य मोसमी वारे – सह्याद्रीचा अडथळा – हवा वर जाऊन थंड होणे – सांद्रीभवन – वाताभिमुख उतारावर भरपूर पाऊस – पूर्वेकडे उतरणाऱ्या वाऱ्यांत बाष्प कमी – पर्जन्यछायेचा प्रदेश. सातारा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला याचा पुरावा स्वतःच्याच जिल्ह्यात सापडतो. अतिवृष्टीचे महाबळेश्वर आणि अवर्षणप्रवण माण तालुका हे दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत.

आता हीच साखळी ब्राझीलला लावून पाहावी. तेथे अटलांटिक महासागरावरून व्यापारी वारे येतात; किनाऱ्यालगतची उच्चभूमी व तिचा अजस्र कडा त्यांना अडवितो; किनारपट्टीवर पाऊस पडतो आणि ईशान्येकडील अंतर्भाग कोरडा राहतो. पाठ्यपुस्तकातील 'अवर्षण चतुष्कोन' तो हाच. वारे वेगळे, महासागर वेगळा, परंतु प्रक्रिया एकच. हे ज्याला उमगले त्याला अपरिचित प्रश्नाचेही उत्तर रचता येते. भारत व ब्राझील यांची प्रकरणे निरनिराळी न वाचता समोरासमोर ठेवून उजळणी करण्याचे महत्त्व यातच आहे.

४) आलेख : काढणे आणि वाचणे

आलेखाच्या उजळणीत प्रथम निवडीचा प्रश्न येतो. काळानुसार होणारा बदल दाखविण्यासाठी रेषालेख, तुलनेसाठी स्तंभालेख आणि एकूणातील वाटा दाखविण्यासाठी विभाजित वर्तुळ योग्य ठरते. विभाजित वर्तुळात १ टक्का म्हणजे ३.६ अंश, एवढे ध्यानात असल्यास कोणतीही आकडेवारी मांडता येते.

आलेख काढून झाल्यावर तो 'वाचणे' मात्र बहुधा राहून जाते. भारताच्या जनगणनेनुसार नागरी लोकसंख्येचे प्रमाण १९९१ मध्ये २५.७ टक्के, २००१ मध्ये २७.८ टक्के व २०११ मध्ये ३१.२ टक्के होते. या तीन आकड्यांचा रेषालेख काढल्यावर तीन प्रश्न विचारावेत : काय बदलले? किती बदलले? का बदलले? पहिल्या दशकातील वाढ २.१ टक्के गुणांची, तर दुसऱ्या दशकातील ३.४ टक्के गुणांची आहे, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधले म्हणजे नागरीकरणाचा वेग वाढल्याचे विधान त्याचे स्वतःचे होते.

उजळणीचे वेळापत्रक

उजळणीचा वेळ एकाच बैठकीत एकवटण्यापेक्षा तो विभागणे हितावह असते. प्रकरण शिकविले गेले त्या दिवशी, नंतर तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी व साधारण एक महिन्याने प्रत्येकी १५ ते २० मिनिटांची उजळणी, असा क्रम व्यवहार्य ठरतो. प्रत्येक बैठकीचा क्रम तोच ठेवावा : पुस्तक मिटून आठवणे, लिहिणे अथवा रेखाटणे, पुस्तकाशी पडताळणे आणि चुकलेल्या बाबींची स्वतंत्र नोंद करणे. पुढील उजळणीचा प्रारंभ या नोंदींपासून करावा. जे येते तेच पुनःपुन्हा वाचण्याचा मोह त्यामुळे टळतो.

शिक्षक व पालक यांची भूमिका

शिक्षकाने तासिकेची पहिली पाच मिनिटे मागील आठवड्यातील घटकावरील तीन प्रश्नांसाठी राखून ठेवावीत. या प्रश्नांना गुण नसावेत. गुणांची भीती नसली म्हणजे विद्यार्थी चुकण्यास कचरत नाही आणि चूक वेळीच उघड होते. नकाशाचा उपयोग नकाशाच्या प्रश्नापुरता मर्यादित न ठेवता लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, वाहतूक यांपैकी कोणतेही प्रकरण नकाशासमोरच शिकविले जावे.

पालकांनी स्वतः भूगोल शिकलेला असणे आवश्यक नाही. पुस्तक हाती धरून 'हे ठिकाण नकाशात कोठे आहे?' आणि 'असे का?' हे दोन प्रश्न कोणालाही विचारता येतात. मुलाला आपल्या शब्दांत सांगावे लागले की त्याच्या आकलनातील त्रुटी त्याला स्वतःलाच जाणवतात.

समारोप

वर सुचविलेल्या कोणत्याही पद्धतीला खर्चिक साधनांची गरज नाही. कोरा कागद, पेन्सिल, नकाशासंग्रह आणि पाठ्यपुस्तक एवढ्या सामग्रीवर ही उजळणी दुर्गम भागातील शाळेतही होऊ शकते. तिला आरंभी कष्ट अधिक पडतात, आणि आठवत नसल्याची जाणीव विद्यार्थ्याला खट्टू करते. अशा वेळी ही जाणीव म्हणजे अपयश नसून उजळणीचाच भाग आहे, हे त्याला समजावून सांगणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. पाठ केलेली उत्तरे निकालानंतर विरून जातात. आपल्या गावात पाऊस कमी का पडतो, शहरे का वाढतात, हे स्वतः मांडून पाहिलेला विद्यार्थी मात्र परीक्षेनंतरही भूगोल सोबत घेऊन जातो.