विमान कंपन्या एक होतात, तेव्हा युनियनचं काय होतं?

विलीनीकरणाच्या बातमीत सहसा शेअरचा भाव, विमानांची संख्या आणि नव्या कंपनीचं नाव असतं. पण छोट्या विमानतळावर सामान चढवणारा लोडर किंवा काउंटरवर बोर्डिंग पास देणारी एजंट यांच्यासाठी प्रश्न वेगळाच असतो. काल आपल्या वतीने बोलणारी युनियन उद्या असेल का? अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा एका मतदानावर ठरतं. ते मतदान कसं होतं हे कळलं की संशोधनाचे कितीतरी प्रश्न आपोआप सुचतात.

आधी कायदा बघू. अमेरिकेत बहुतेक खाजगी उद्योगांना एक कामगार कायदा आहे आणि रेल्वे-विमानांना दुसरा. हा दुसरा म्हणजे 1926 चा रेल्वे लेबर ॲक्ट. 1936 मध्ये विमान कंपन्याही त्यात आल्या. त्यातली कळीची गोष्ट अशी की युनियन एका विमानतळापुरती निवडता येत नाही. संपूर्ण कंपनीत, देशभर, एका प्रकारचं काम करणारे सगळे मिळून एक गट धरला जातो. रॅम्पवरचे कामगार हा एक गट, प्रवासी सेवेतले एजंट हा दुसरा. म्हणजे मिनेसोटातल्या लहान स्टेशनावरच्या लोडरचं भवितव्य अटलांटाच्या हजारो लोडरांच्या मतांशी बांधलेलं असतं.

आता दोन कंपन्या एक झाल्या की नॅशनल मीडिएशन बोर्ड आधी ठरवतं की ही खरंच एकच वाहतूक व्यवस्था झाली आहे का. वेळापत्रक, ब्रँड, व्यवस्थापन, कामगार धोरण हे सगळं त्यात तपासलं जातं. उत्तर 'हो' आलं की दोन्हीकडचे गट एकत्र होतात आणि जुन्या मान्यतेचा प्रश्न नव्याने उघडतो. एका बाजूला युनियन आहे, दुसऱ्या बाजूला नाही, अशा वेळी खरी रंगत (आणि खरी भीती) येते.

सगळ्यात बोलकं उदाहरण डेल्टा-नॉर्थवेस्टचं. ऑक्टोबर 2008 मध्ये हे विलीनीकरण पूर्ण झालं. नॉर्थवेस्टचे जमिनीवरचे बरेच कामगार मशिनिस्ट युनियनमध्ये होते, तर डेल्टात वैमानिक वगळता बहुतेक कामगारांना युनियन नव्हती. त्यातच 2010 मध्ये मतमोजणीचा नियम बदलला. जुन्या नियमात पूर्ण गटाच्या निम्म्याहून जास्त लोकांनी मत द्यावं लागे, म्हणजे घरी बसलेला माणूस आपोआप 'नको' म्हणणारा ठरे. समजा गटात 15,000 लोक आहेत आणि 12,000 जणांनी मत दिलं. जुन्या हिशोबाने जिंकायला 7,501 मतं लागत, नव्या हिशोबाने 6,001. युनियननी आपले अर्ज मागे घेऊन या नव्या नियमाची वाट पाहिली होती, एवढा हा फरक मोठा.

आणि तरीही त्या हरल्या. केबिन कर्मचाऱ्यांचं मतदान 9,544 विरुद्ध 9,216 असं, 328 मतांनी गेलं. रॅम्पवाल्यांचंही थोडक्यात हुकलं. प्रवासी सेवेच्या गटात तर फरक खूपच मोठा होता. नॉर्थवेस्टच्या ज्या माणसाकडे लेखी करार आणि तक्रारीसाठी प्रतिनिधी होता, त्याच्याकडे आता कंपनीचं धोरणपत्रक उरलं. त्याने स्वतः युनियनच्या बाजूने मत दिलं असलं तरी.

इथे थांबून 'विलीनीकरण म्हणजे युनियनचा तोटा' असं लिहून टाकायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण मग अमेरिकन-यूएस एअरवेज बघा. इथेही एका बाजूच्या एजंटांना युनियन होती (यूएस एअरवेज), दुसऱ्या, संख्येने मोठ्या बाजूला नव्हती. अमेरिकनच्या एजंटांनी तर 2013 च्या सुरुवातीलाच, विलीनीकरणाच्या आधी, युनियन सुमारे 150 मतांनी नाकारली होती. डिसेंबर 2013 मध्ये कंपन्या एक झाल्या आणि सप्टेंबर 2014 च्या मतदानात युनियन 86 टक्के मतांनी जिंकली.

कायदा तोच, बोर्ड तेच, आकडेवारीचा साचाही साधारण तोच. मग फरक कुठून आला? माझं मत असं की अमेरिकनमध्ये वैमानिक, केबिन कर्मचारी, मेकॅनिक, रॅम्प सगळ्यांना आधीच युनियन होती. एजंट एकटेच बाहेर होते, आणि 2011 पासूनच्या दिवाळखोरीने त्याची किंमत त्यांना जवळून दाखवली होती. डेल्टाच्या जमिनीवरच्या कामगारांना मात्र युनियनशिवाय राहण्याची जुनी सवय होती. हे सिद्ध झालेलं आहे असं म्हणू नका, पण गृहीतक म्हणून तपासण्यासारखं नक्की आहे.

तिसरी शक्यताही असते, दोन्हीकडे युनियन, पण वेगवेगळ्या. अमेरिकनच्या रॅम्पवर ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियन होती, यूएस एअरवेजच्या रॅम्पवर मशिनिस्ट. त्यांनी आपसात लढण्याऐवजी संयुक्त संघटना केली, 2015 मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि एकत्रित करार मंजूर व्हायला मार्च 2020 उजाडलं. प्रतिनिधित्व टिकलं म्हणजे काम झालं असं नाही, हे इथे दिसतं.

आता लहान स्टेशनांकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे. विमानावर 'अमेरिकन' लिहिलेलं असलं तरी सामान चढवणारा माणूस एन्व्हॉय किंवा पीडमाँटचा असू शकतो. या उपकंपन्या एकाच मालकाच्या असल्या तरी युनियनच्या हिशोबात त्या स्वतंत्र वाहक धरल्या जातात. म्हणून 2014 च्या त्या विजयात एन्व्हॉयचे एजंट नव्हतेच. त्यांनी 2015 मध्ये वेगळं मतदान करून युनियन आणली. काही स्टेशनांवर तर काम तिसऱ्याच ठेकेदाराकडे असतं. तिथे आधी वाद हा की हा ठेकेदार विमान कंपनीच्या नियंत्रणाखाली आहे का. 'हो' असेल तर देशभरचा गट लागतो, 'नाही' असेल तर एका विमानतळापुरतं मतदानही चालतं. विलीनीकरणानंतर कोणतं स्टेशन कंपनी स्वतः चालवेल आणि कोणतं उपकंपनीला देईल, हे करारातल्या कामाच्या हद्दीच्या कलमावर ठरतं. त्यामुळे युनियन मतदानात जिंकूनही एखाद्या गावातले सदस्य गमावू शकते.

(आपल्याकडे महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात मान्यता आस्थापनेपुरती असते आणि त्यासाठी 30 टक्के सदस्य पुरतात. तुलनेचा प्रबंध करणाऱ्यांनी हा 'गट केवढा' चा फरक आधी नीट मांडावा.)

विषय घ्यायचा असेल तर बोर्डाचे निर्णय वाचण्यापासून सुरुवात करा. ते सार्वजनिक आहेत, भाषा कोरडी असली तरी कोण कुठल्या गटात आणि का, हे त्यात सविस्तर असतं. आणि कंपनीची एकूण सदस्यसंख्या हे माप वापरू नका, गटनिहाय आणि वाहकनिहाय आकडे काढा.

डेल्टात पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांची वाट 2012 पासून आणखी चढाची झाली आहे. नव्या कायद्याने मतदान मागण्यासाठीच निम्म्या गटाच्या सह्या आवश्यक केल्या, आधी युनियन नसलेल्या गटाला 35 टक्के पुरत. सहीचं कार्ड एक वर्षच चालतं, आणि रॅम्पवर माणसं भराभर बदलतात. गेल्या उन्हाळ्यात सही केलेला लोडर यंदाच्या उन्हाळ्यात अजून कामावर असला, तरी त्याच्याकडून पुन्हा सही घ्यावी लागते.