शाल उसवू नका, ताणा!

दिग्रसच्या थंडीसाठी हौसेनं जाळीची शाल विणली, पण सुयांवरून उतरवल्यावर ती चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसतेय? थांबा, उसवू नका. तिचं ‘ब्लॉकिंग’ बाकी आहे.

ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केस कुरळे होतात ना? इथंही तेच. केस आणि लोकर, दोन्ही केराटिनचे. भिजल्यावर त्यातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात.

आधी धागा तपासा, कारण दुकानात ॲक्रिलिकलाही लोकरच म्हणतात. छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळा. जळक्या केसांचा वास आला आणि राखेचा चुरा झाला, तर खरी लोकर. वितळून कडक गाठ झाली, तर ॲक्रिलिक. ते नुसत्या पाण्यानं आकार धरत नाही, त्याला वाफ लागते. इस्त्री मात्र टेकवायची नाही.

लोकरीची शाल साध्या पाण्यात 20 मिनिटं भिजवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. गादीवर जाड चादर घालून शाल मधून कडेकडे ताणा आणि न गंजणाऱ्या टाचण्या लावा. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, ऊन नको. टाचण्या काढल्यावर नक्षीचं एकेक भोक मोकळं दिसेल.

आणि हो, शाल धुतली की हे सगळं पुन्हा!