बासी ईदच्या फासळ्या

ईदुल अजहाच्या दुपारी घरात गोश्ताचे हिस्से पडू लागले की एक गोष्ट कुणी न बोलता घडते. रान बाजूला निघते, दस्ती बाजूला निघते, कलेजी तर केव्हाच तव्यावर गेलेली असते. उरतात त्या फासळ्या. हाड जास्त, गोश्त कमी, आतून पातळ पांढरा पडदा, आणि शिजवल्या तरी दातांना दाद न देणाऱ्या. मग त्या वाटपाच्या पिशव्यांत जातात. एक हिस्सा घरचा, एक नातेवाईक-शेजाऱ्यांचा, एक गरजूंचा, ही रीत आपण सगळे पाळतो. पण गरजूंच्या पिशवीत हाडे किती गेली आणि आपल्या पातेल्यात किती आली, हे तराजूत घालून कुणी पाहत नाही. ज्या घरी ती पिशवी पोहोचते तिथे बहुधा डीप फ्रीझर नसतो, आणि दोन तास गॅस जाळणे परवडेलच असेही नसते. म्हणजे शिजायला सर्वांत अवघड तुकडा आपण नेमका त्यांना देतो, ज्यांच्याकडे तो शिजवायची सोय सर्वांत कमी.

आम्ही गांधीबागेतले. एका अंगाला कापडाचा ठोक बाजार, दुसऱ्या अंगाला मोमिनपुरा, थोडे पलीकडे इतवारीचा किराणा. घरे अरुंद आणि उंच, गच्ची सगळ्यांची मिळून एक. गेल्या काही वर्षांत या गच्च्यांवर ईदच्या रात्री लोखंडी सिगड्या दिसू लागल्या आहेत. तरुण मुले मोबाइलवर अमेरिकेतली बार्बेक्यूची चित्रे पाहतात, बाटलीतला गोड सॉस आणतात, कच्च्या फासळ्यांना फासतात आणि निखाऱ्यांवर ठेवतात. पंधरा मिनिटांत बाहेरून कोळसा, आतून रबर. मुलांचे दात मजबूत, ती ओरबाडून खातात. दादी मात्र शोरव्यात रोटी कुस्करून उठतात. ईदच्या दस्तरख्वानावर घरातले सर्वांत वडील माणूस रश्श्यावर भागवते, हे आम्हाला फासळ्या चिवट राहण्यापेक्षा जास्त खुपते.

उपाय अवघड नाही. त्याला वेळ लागतो, आणि थोडे समजून घ्यावे लागते.

बोकडाला फासळ्यांच्या तेरा जोड्या असतात. श्वासागणिक त्या हलतात, म्हणून त्यांच्यामधले मांस दिवसरात्र काम करत असते. अशा मांसात चिवट पांढरे धागे भरपूर. या धाग्यांतले प्रथिन म्हणजे कोलॅजन. साधारण 70 अंशांपुढे ओलसर उष्णतेत बराच वेळ राहिले की ते विरघळते आणि त्याचा लुसलुशीत, बोटांना चिकटणारा रस होतो. पायाचा शोरवा थंड झाल्यावर गोठतो तो याच रसामुळे. उलट मांसाचे लाल तंतू 60 ते 70 अंशांतच आखडतात आणि स्वतःतले पाणी पिळून टाकतात. झटपट भाजलेल्या फासळीत म्हणूनच दोन्हीकडून नुकसान होते: तंतू सुकतात आणि धागे विरघळायला वेळच मिळत नाही. त्यात कुर्बानीचा बोकड वर्ष पूर्ण केलेला असावा लागतो, पुष्कळदा त्याहून मोठाच असतो. जनावराचे वय वाढते तसे हे धागे पक्के होत जातात. कोवळ्या बोकडाचा हिशेब कुर्बानीच्या गोश्ताला लावून चालत नाही.

दुसरी गोष्ट दिवसाची. जनावर हलाल केल्यावर काही तासांत मांस ताठरते आणि थंड जागी साधारण एक दिवस राहिले की पुन्हा सैल पडते. या ताठरलेल्या अवस्थेत शिजवलेला तुकडा सर्वांत वाईट. पहिल्या दिवशी कलेजी करायची आपली जुनी पद्धत किती शहाणपणाची आहे ते इथे कळते, कारण कलेजीला या ताठरण्याची बाधा नाही. फासळ्यांचा दिवस बासी ईदचा.

पण दिवसभर थांबायचे म्हणजे सांभाळायचेही आले. 2023 मध्ये ईद 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जूनला, 2025 मध्ये 7 जूनला. दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत ती आता मे महिन्यात शिरते आहे, म्हणजे नागपूरच्या नवतप्यात. पारा 45 च्या आसपास असताना उघडे गोश्त तासाभराहून जास्त बाहेर राहू देणे म्हणजे आजाराला बोलावणे. घाईघाईत आपण काय करतो? गरम गोश्ताची पाच-पाच किलोची पिशवी घट्ट बांधून फ्रीझरमध्ये कोंबतो. त्यात दोन तोटे. पिशवीच्या मध्यभागी तासन्‌तास ऊब राहते आणि वास धरतो. आणि कडेचे गरम मांस एकदम गारठल्याने असे आखडते की पुढे कितीही शिजवा, पूर्वपदावर येत नाही. फासळ्या उथळ थाळीत एका थरात मांडा, जाळीने झाकून पंख्याखाली अर्धा तास ठेवा, मग फ्रीझरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात. फ्रिजमध्ये जागा नसेल तर शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये. ईदच्या दिवशी ते कुणी नाकारत नाही.

कसायाकडेही सांगायचे असते. आमच्याकडे दुकानात फासळीच्या तुकड्याला चाप म्हणतात आणि छातीकडच्या चरबीदार भागाला सीना. चाप दोन-दोन हाडांची मागा, सुऱ्याने सरळ कापलेली. हाडावर घाव घालून केलेल्या बारीक तुकड्यांत किरच्या सुटतात, आणि मुलांच्या व दादींच्या तोंडात त्याच जातात. सीन्याचा थोडा भाग सोबत घ्या, त्याची चरबी कामी येते. घरी आल्यावर हाडाच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा काढा. चमच्याच्या दांडीने एक कोपरा उचला, कोरड्या फडक्यात धरा आणि ओढा. बहुतेक एका दमात निघतो. हा पडदा शिजून मऊ होत नाही, त्याची नुसती पापडी होते. एवढे एक काम केले तरी अर्धा फरक दिसतो.

एक किलो चापेला दीड चमचा मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. कच्च्या पपईवर आपल्याकडे फार भरवसा आहे. तो सगळाच खरा नाही. पपईचा रस वरवरचे मांस मऊ करतो. रात्रभर लावून ठेवला तर वरचा थर पिठासारखा होतो आणि हाडालगतचा चिवटपणा तसाच राहतो. सीख कबाबाच्या खिम्याला पपई हवी. फासळ्यांना एक चमचा वाटण, शिजवण्याआधी तासभर, तेही बोकड फार मोठा असेल तरच.

आता शिजवणे. जाड बुडाच्या देगचीत दोन मोठे चमचे आले-लसूण, एक उभा चिरलेला कांदा, दालचिनी, चार लवंगा, दोन मसाला वेलची, एक तमालपत्र आणि चाप जेमतेम अर्ध्या बुडतील एवढे पाणी. एक उकळी आली की झाकणाची कड कणकेने बंद करा, खाली तवा ठेवा आणि अगदी बारीक आचेवर पावणेदोन ते दोन तास दम द्या. पाणी खळखळता कामा नये. गॅसचा खर्च नको असेल तर कुकर. त्यात उष्णता 120 अंशांच्या आसपास जाते, म्हणून काम लवकर उरकते: एक वाटी पाणी, पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून कोवळ्याला पंधरा मिनिटे, कुर्बानीच्या गोश्ताला वीस ते पंचवीस. कुकर आपोआप निवू द्यावा, शिट्टी उचलून वाफ काढू नये. पारख सोपी आहे. गोश्त हाडाच्या टोकापासून अर्धा इंच मागे सरकलेले दिसते, आणि हाड चिमटीत धरून फिरवले तर फिरते. आपोआप गळून पडले तर जरा जास्त झाले. ती चाप जाळीवर टिकणार नाही, तिचा कोरमा करा.

चाप त्याच रसात कोमट होऊ द्याव्यात. मग अलगद बाहेर काढून त्यांना मसाला लावायचा: पाव किलो दह्याचा चक्का, एक चमचा भाजलेले बेसन, दोन चमचे मिरची पूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, गरम मसाला, चिमूटभर दगडफूल, दोन मोठे चमचे मोहरीचे तेल. मिरची भिवापुरी मिळाली तर उत्तम, तिला भौगोलिक मानांकन उगीच मिळालेले नाही. मात्र ती तिखट आहे, घरात लहान मुले असतील तर निम्मी घ्या. जवसाचे तेल सावजी रश्श्यात शोभते, थेट विस्तवावर ते कडवटते. उरलेला रस गाळून घ्या. त्यातला अर्धा एका कढईत तीन चमचे चिंचेचा कोळ आणि दोन चमचे गूळ घालून आटवा, चमच्याला चिकटेपर्यंत. हा आपला बार्बेक्यू सॉस. बाजारची बाटली घ्यायचीच असेल तर मागची यादी वाचून घ्या, काही परदेशी सॉसमध्ये मद्य असते. हिवाळ्यात अंबिया बहाराची संत्री आली की चिंचेऐवजी दोन संत्र्यांचा रस आटवून पाहा. मेमध्ये नागपुरातही संत्री नसतात, तेव्हा ईदला चिंचच.

निखारे लाकडी कोळशाचेच असावेत. ज्वाळा विझून त्यावर पांढरी राख धरली की मग चाप ठेवायच्या. त्या आधीच शिजलेल्या आहेत, त्यामुळे विस्तवाचे काम फक्त रंग, धूर आणि कडेचा कुरकुरीतपणा. एका बाजूला चार-पाच मिनिटे पुरतात. गुळाचा सॉस अगदी शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशने लावायचा, आधी लावला तर गूळ जळतो. कच्च्या फासळ्या काळ्या पडतात त्याचे निम्मे कारण बाटलीतली साखर असते. गच्ची नसलेल्यांनी गॅसवर लोखंडी तवा चांगला तापवून चाप परताव्यात आणि पातेल्यात कांद्याच्या पापुद्र्यावर एक निखारा ठेवून, त्यावर तूप सोडून, पाच मिनिटे धुंगार द्यावा.

सिगडी मात्र खोलीत, जिन्यात किंवा बंद बाल्कनीत पेटवू नये, आणि काम झाल्यावर ‘विझली आहे’ म्हणून आत आणून ठेवू नये. राखेखालचा कोळसाही कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, झोप येते, आणि माणूस उठत नाही. पाणी घालून पूर्ण विझवून ती गच्चीवरच राहू द्या. जुन्या, चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या वस्तीत हे जरा ठासून सांगावे लागते.

आधी शिजवून मग भाजणे हे खऱ्या बार्बेक्यूत बसत नाही, असे मुले सांगतात. बार्बेक्यू हा शब्दच कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा, स्पॅनिश ‘बार्बाकोआ’च्या वाटेने इंग्रजीत आलेला, त्याचा अर्थ काठ्यांची मचाण. अमेरिकेत फासळ्या म्हणजे बहुतेक डुकराच्या, चरबीने भरलेल्या. ती चरबी तासन्‌तास पाझरत राहते म्हणून त्यांना नुसता धूर पुरतो. त्याच देशात केंटकीतल्या ओवेन्सबरो गावी मेंढीचे गोश्त भाजायची परंपरा आहे, तेही फार वेळ घेऊन, मंद आचेवर. आपला बोकड कृश, त्याला ओलावा बाहेरून द्यावा लागतो. आणि यात नवे काही नाही. काश्मिरी वाजवानातला तबक माज म्हणजे मेंढीच्या फासळ्याच: आधी हळद-मसाल्याच्या पाण्यात शिजवायच्या, मग तुपात खरपूस तळायच्या. पंडितांच्या घरचा कबरगाह दुधात शिजतो आणि मग तळला जातो. तिथल्या आचाऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे.

गरजूंच्या हिश्श्याचे काय करायचे, यावर आमच्या जिन्यातल्या बायकांत बरीच चर्चा झाली. कच्चे गोश्त हातात देणे हीच रीत, ती मोडू नये असे काहींचे म्हणणे. त्यांनी एवढे केले की प्रत्येक पिशवीत रानाचा एक तुकडा जाईल असे आधीच वेगळे काढले. काहींनी पिशवी नेहमीप्रमाणे दिली आणि घरच्या हिश्श्यातल्या दम दिलेल्या चाप बासी ईदला सकाळी डब्यांत भरून पाठवल्या. घेणाऱ्याने फक्त तव्यावर टाकायच्या. आम्हाला दोन्ही पटतात. डबा पाठवायचा तर गरम भरू नका, आणि दुपारच्या आत पोहोचवा.

उरलेला अर्धा रस फेकू नये. फ्रिजमध्ये तो जेलीसारखा गोठतो, वर चरबीचा थर येतो. तो थर काढून खाली राहील त्यात मसूर डाळ शिजवा, किंवा दुसऱ्या दिवशीच्या खिचड्यात घाला. दादींना द्यायच्या दोन चाप जाळीवर चढवूच नका. देगचीतून काढून, थोड्या रसात, वर लिंबू पिळून त्यांच्यापुढे ठेवा. गोश्त हाडावरून नुसत्या रोटीने निघते.