पोकेमॉनच्या जगात लोक जेवतात काय?

पोकेमॉनची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. १९९६ साली जपानमध्ये निघालेल्या या खेळात सुरुवातीला १५१ काल्पनिक प्राणी होते. आता ते हजारावर गेले आहेत. खेळणाऱ्याने गावोगाव हिंडून ते पकडायचे आणि पाळायचे. परंतु या जगात गाय, कोंबडी, बोंबील असले साधे जीव जवळजवळ दिसतच नाहीत. मग तेथील माणसे जेवतात तरी काय? चाहत्यांनी या प्रश्नावर पुष्कळ डोकेफोड केली आहे.

एक तर्क असा की, ती माणसे हे प्राणीच खातात. पुरावा म्हणून १९९९ च्या खेळातील स्लोपोक या मंद प्राण्याकडे बोट दाखवतात. त्याच्या शेपट्या कापून विकणारी एक टोळीच त्या खेळात आहे. शेपटी पुन्हा उगवते. म्हणजे प्राणी जिवंत आणि मांस कायमचे!

हा हिशेब खरा आहे का? खरवईतील कोणत्याही घरात रात्री दिव्यापाशी बसलेली पाल पाहा. तिचीही तुटलेली शेपटी पुन्हा येते, पण तीत मणके नसतात, कूर्चेची नळी असते. शिवाय शेपटीत साठवलेली चरबी गेलेली असते आणि नवी शेपटी घडवायला पुष्कळ किडे खावे लागतात. अन्नसाखळीच्या एका पायरीवरून पुढच्या पायरीवर सरासरी दहा टक्केच ऊर्जा पोचते. स्लोपोकच्या पोटात हजार कॅलरी घालाव्यात, तेव्हा मांसात शंभराच्या आसपास उतरणार. त्यापेक्षा माणसांनी त्या जगातील फळेच खाल्लेली काय वाईट? गंमत म्हणजे, ही शेपटी पौष्टिक नाही, नुसती चघळायला बरी, असे खेळातील नोंदच सांगते!

वेलॉर्ड हा देवमाशासारखा प्राणी घ्या. लांबी १४.५ मीटर, वजन फक्त ३९८ किलो. एवढ्याच लांबीच्या खऱ्या कुबड्या देवमाशाचे वजन २५ ते ३० टन भरते. वेलॉर्डचे आकारमान २०० घनमीटर धरले, तर घनमीटरला दोनच किलो पडतात. पाणी घनमीटरला १००० किलो, हवा १.२ किलो. म्हणजे हा मासा नसून फुगाच! तो बुडी कशी मारणार?

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी १९६५ साली जन्मले. तोक्योजवळच्या माचिदात लहानपणी त्यांना किडे जमवण्याचा नाद होता. पुढे तेथील शेते आणि तळी इमारतींखाली गेली. किडे शोधण्याचा तो आनंद शहरातील मुलांनाही मिळावा, हा या खेळामागचा त्यांचा विचार होता. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली सुमारे ९८ हजार होती, २०११ साली १ लाख ७४ हजार झाली. खरवईलाही औद्योगिक वसाहत आली. तेव्हा या पावसाळ्यात एक वही घाला. दिसेल त्या किड्याचे, बेडकाचे, गोगलगाईचे चित्र, जागा आणि तारीख लिहा. पकडायची गरज नाही. एक रकाना मात्र मोठा आखा: तो काय खातो, आणि त्याला कोण खाते?