गावरान कोंबड्यांची मानमोडी : टोलीने मिळून लस टोचा

कामठा (ता. गोंदिया) : धानाचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो, उन्हाळी धान असला तर फार तर दोनदा. मधल्या दिवसांत पोरांची वही, घरचे तेल-मीठ, अचानक आलेला पाहुणा हे सारे परसातल्या आठ-दहा कोंबड्यांवर भागते. ही घरच्या बाईची पेटी. तिचा हिशेब सातबाऱ्यावर नसतो, सोसायटीच्या वहीतही नसतो. म्हणूनच आठ दिवसांत अख्खे खुराडे रिकामे झाले तरी पंचायतीत त्याचा विषय निघत नाही. साथ आली, गेल्या, एवढे बोलून लोक मोकळे होतात.

ही साथ पुष्कळदा राणीखेत रोगाची असते. लोक त्याला मानमोडी म्हणतात. कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरे हगते. पुढे मान वाकडी होते, पाय लुळे पडतात. 1920 च्या दशकात कुमाऊंतल्या राणीखेतला हा रोग आढळला, तेच नाव आपल्या देशात रूढ झाले. रोग विषाणूचा आहे आणि एकदा लागला की त्यावर औषध नाही. हळद-लसूण चारून कोंबडी वाचत नाही. आधी टोचलेली लस तेवढी कामाची.

लस काही नवी नाही, फार महागही नाही. मग गावात टोचली का जात नाही? खरी अडचण कुपीची आहे. एक कुपी साधारण शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती फोडून द्रावणात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्याच्या घरी आठ कोंबड्या, तो ब्याण्णव मात्रा मातीत ओतायला कशाला आणेल? दुसरी अडचण थंडाव्याची. लस 2 ते 8 अंश तापमानात राहिली पाहिजे. भर उन्हात खिशात घालून सायकलवरून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. मग लस टोचूनही कोंबड्या मरतात आणि लसीवरचाच विश्वास उडतो.

तेव्हा हे काम एकेका घराचे नाही, टोलीचे आहे. दहा-बारा घरांच्या कोंबड्या मोजा, एक कुपी सहज संपते. महिला बचत गटाने घरोघरचा आकडा घ्यावा, सरपंच-ग्रामसेवकांनी पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून दिवस ठरवावा. लस बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी. आदल्या दिवशी सर्वांना सांगावे की सकाळी खुराडे उघडू नका. कोंबड्या एकदा सुटल्या की त्या धरण्यातच कुपीचे दोन तास जातात!

पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. महिन्याच्या सुमारास तीच लस पुन्हा द्यावी. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस अर्धा मिलिलिटर, पंखाखाली टोचतात. ही दुसरी लस लहान पिल्लांना टोचू नये, ती सोसत नाही. आठवडाभर आधी जंताचे औषध दिलेले बरे. आजारी पक्ष्याला लस देऊ नये. उन्हाळा लागण्याआधी ही मोहीम उरकावी.

बाकीच्या कटकटी रोजच्याच आहेत. मुंगूस खुराड्याखालून माती उकरून आत शिरते. जमिनीपासून दोन फूट उंच खुराडे आणि तळाला बारीक जाळी, एवढ्याने ते थांबते. घारीसाठी पहिला महिनाभर पिल्ले टोपलीखाली ठेवावीत. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर रक्ती हगवण लागते, त्याला धानाचे तूस अंथरणे हा आपल्या भागातला सोपा इलाज. मात्र भिजले की तूस बदलायचे. कनकी-कोंडा चारावा, पण बुरशी आलेला नको. फवारणी झालेल्या बांधीत कोंबड्या सोडू नयेत. शेजाऱ्याचे पऱ्हे उकरले म्हणून होणारी भांडणे तर प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. पऱ्हे उगवेपर्यंत कोंबड्या कोंडून ठेवल्या तर शेजारीही बोलतो आणि अंडीही घरातच सापडतात.

वनराजा, गिरिराजासारखे सुधारित पक्षी लवकर वजन धरतात, पण अंडी उबवायला खुडूक गावरान कोंबडीच लागते. एकवीस दिवस ती जागा सोडत नाही. निदान दोन गावरान कोंबड्या घरी ठेवाव्यात.

आता एक कडू गोष्ट. मर लागली की उरलेल्या कोंबड्या घाईघाईने बाजारात नेऊन विकायची रीत आहे. विकणाऱ्याचे चार पैसे सुटतात, पण रोग बाजारातून पाच गावांत जातो. तसाच तो आपल्या गावातही येतो. बाजारातून आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा बांधावा, मग कळपात सोडावा.

अचानक जास्त पक्षी मेले तर ती मानमोडी की बर्ड फ्लू, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला, तेव्हा मोठ्या फार्मांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यालाही हा रोग आढळला. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यात हे दोन्ही रोग अनुसूचित आहेत. मालकाने ग्रामपंचायतीला आणि पंचायतीने जवळच्या पशुवैद्यकाला लेखी कळवायचे आहे. मेलेली कोंबडी नाल्यात फेकू नये, कुत्री ती गावभर ओढतात. खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरावी, आणि किती मेल्या तो आकडा त्याच दिवशी पंचायतीत लिहून द्यावा.