तेलाची साक्ष

झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती ग्रॅनाइटची आहे. ओरछाच्या वीरसिंह देवाने सतराव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. पुढे अठराव्या शतकात पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर ह्यांनी त्याचा विस्तार केला. बुंदेलखंडाच्या बऱ्याच मोठ्या भागाचा पाया ह्याच कठीण खडकाचा आहे. उन्हाळ्यात लू वाहू लागली, म्हणजे ह्या खडकाची बारीक धूळ रस्त्यावरील प्रत्येक वाहनाला वेढून टाकते. तिच्यातील गारगोटीचे कण साध्या पोलादाहूनही कठीण असतात. ते इंजिनात शिरले, की आतील भाग कानशीने घासावे तसे घासले जातात.

प्रवाशांना ओरछा-खजुराहोला नेणाऱ्या टॅक्सीमालकापुढे म्हणूनच एक प्रश्न नेहमी उभा असतो. आपले इंजिन आतून कितपत झिजले असावे? धडधाकट इंजिन उघडले, तर पैसा आणि धंद्याचे दिवस व्यर्थ जातात. उघडावयाचे ते उघडले नाही, तर प्रथम बेअरिंग जाते, मागोमाग क्रँकशाफ्ट खराब होतो, आणि थोडक्यात निभावणारे काम संसारावर येऊन पडते. इंजिन न उघडता आतील वार्ता सांगणारा साक्षीदार असेल, तर तो हवाच. असा साक्षीदार आहे. तो म्हणजे वापरून काळे झालेले वंगण तेल.

इंजिनातील तेल एका जागी स्वस्थ बसत नाही. पंपाच्या जोराने ते बेअरिंगांतून आणि नलिकांतून सतत फिरते, तर सिलिंडरच्या भिंतींवर त्याचा शिडकावा होतो. जेथे धातू धातूवर घासतो, तेथील अतिसूक्ष्म कण ते आपल्याबरोबर घेऊन जाते. मोठे कण गाळणीत अडकतात. परंतु मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतके लहान कण तेलातच तरंगत राहतात. त्यांचे प्रमाण फारच अल्प असते. मोटारीत साधारणतः साडेतीन किलो तेल मावते असे धरले, तर दहा लाख भागांत 20 भाग लोखंड म्हणजे सबंध तेलात अवघे 70 मिलिग्रॅम लोखंड. तेल बोटांवर चोळून किंवा त्याचा रंग पाहून हे कळणे शक्य नाही. डिझेल इंजिनातील तेल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळे होते. तो काळेपणा झिजेची खूण नव्हे.

हे अल्प प्रमाण मोजण्याची किल्ली 1860 च्या सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खहोफ ह्या शास्त्रज्ञांनी मिळवून दिली. प्रत्येक मूलद्रव्य तापून प्रकाशू लागले, की त्याच्या वर्णपटात ठरावीक रेषा उमटतात. ह्या रेषा म्हणजे त्या द्रव्याची स्वाक्षरीच होय. प्रयोगशाळेत ग्रॅफाइटची एक लहान चकती तेलात फिरवितात आणि तिच्यावर विजेची ठिणगी पाडतात. ठिणगीत तेल जळते, आतील धातू प्रकाशतात, आणि कोणत्या रेषेची दीप्ती किती, ह्यावरून कोणता धातू किती हे कळते. हे सारे काम एकदोन मिनिटांचे असते.

ह्या शोधाचा इंजिनांसाठी पद्धतशीर उपयोग प्रथम रेल्वेने केला. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने 1940 नंतरच्या दशकात आपल्या डिझेल इंजिनांचे तेल अशा रीतीने तपासण्यास आरंभ केला. पुढे तेथील नौदलाने ही पद्धत विमानांच्या इंजिनांना लावली. भारतात 1962 पासून अल्को बनावटीची 2600 अश्वशक्तीची डिझेल इंजिने धावू लागली आणि डिझेल शेडला जोडून तेल तपासणारी प्रयोगशाळा असण्याची रीत रूढ झाली. मुंबई-दिल्ली मार्गावरील मोठे जंक्शन असलेल्या झाशीतही अशी शेड आहे. रेल्वेच्या एका इंजिनात शेकडो लिटर तेल असते आणि त्याच्यामागे सबंध गाडीभर उतारू असतात. असे इंजिन वाटेत बंद पडण्यापूर्वीच त्याचे दुखणे कळणे किती अगत्याचे आहे, हे सांगावयास नको.

आता ही साक्ष वाचावयाची कशी? लोखंड बहुधा सिलिंडर, रिंगा आणि क्रँकशाफ्ट ह्यांतून येते. ॲल्युमिनियम पिस्टनमधून, क्रोमियम रिंगांवरील मुलाम्यातून, तर तांबे, शिसे आणि कथील बेअरिंगांतून येते. सिलिकॉन हा धुळीचा दूत होय. सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही बरोबर वाढले, तर इंजिनाला हात लावण्यापूर्वी हवेची गाळणी आणि तिची नळी पाहावी. किल्ल्याच्या टेकडीची धूळ तेथूनच आत येत असावी. सोडियम किंवा पोटॅशियम वाढले, तर रेडिएटरचे पाणी तेलात मिसळत असल्याचा संशय घ्यावा. तापलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकला आणि तो तडतडला, तर पाण्याची खात्री पटते. ज्वलनांक उतरला आणि तेल पातळ झाले, तर त्यात इंधन मिसळले असे समजावे.

तथापि एकाच आकड्यावर निवाडा करणे धोक्याचे असते. समजा, एका मोटारीच्या तेलात लोखंडाचे 20 भाग निघाले आणि दुसरीच्या तेलात 40. दुसरी अधिक झिजली असे कोणीही म्हणेल. पण पहिलीचे तेल 5000 किलोमीटर चालले असेल आणि दुसरीचे 10000, तर दोहोंची झीज सारख्याच गतीने होत आहे. मध्यंतरी वरून नवे तेल घातले असेल, तर आकडा खोटाच कमी दिसतो. नव्या इंजिनात तर प्रथम धातू अधिक निघतोच. भाग एकमेकांत बसत असतात. जस्त, फॉस्फरस आणि कॅल्शियम ही द्रव्ये तेल बनवितानाच त्यात घातलेली असतात. म्हणून तुलनेसाठी कोऱ्या तेलाचाही नमुना तपासावा लागतो. खरी साक्ष एका नमुन्याची नसून नमुन्यांच्या मालिकेची असते. तीनचार वेळा स्थिर राहिलेले शिसे एकाएकी दुप्पट झाले, तर ती हाक समजावी.

ह्या साक्षीलाही मर्यादा आहे. ठिणगीला सूक्ष्म कणच नीट दिसतात. दहा मायक्रॉनांच्या आसपास आणि त्यापुढील कण बहुतांशी निसटतात. एखादा दातेरी चाकाचा दात तुटावयाचा असेल, तर आकडे स्वस्थ राहूनही घात होऊ शकतो. म्हणून गाळणी कापून तिच्यात चकाकणारा चुरा आहे काय, हे पाहणे आणि इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकणे, ही जुन्या मिस्त्रींची रीत आजही टाकाऊ ठरलेली नाही.

मोटारधन्याने करावयाचे ते फार अवघड नाही. इंजिन गरम असतानाच तेल काढावे. आरंभीची धार सोडून मधल्या धारेतील नमुना स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्यावा. बाटलीवर तारीख, मोटारीचे एकूण किलोमीटर, तेलाचे किलोमीटर आणि वरून घातलेले तेल ह्यांची नोंद करावी. ही नोंद नसेल, तर उत्तमातील उत्तम यंत्रही मुक्या साक्षीदाराची उलटतपासणी करीत बसते. नोंद असेल, तर काळे तेल फेकून देण्यापूर्वी इंजिनाची हकीकत सांगून जाते, आणि इंजिन उघडावे की आणखी काही महिने निश्चिंतपणे चालवावे, हे मालकाला अंदाजाने नव्हे, तर पुराव्याने ठरविता येते.